बांधलेला दांडा

“दांडा बांध तिचा!” मी ओरडले. “नाझिया, ऐकू येतंय का? दांडा बांध आणि दे सोडून. आता थांबलीच नाही पाहिजे ती.”

कोल्हापूरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या व्हरांड्यात जेवणाची सुट्टी चालली होती. जिल्ह्यातल्या चाळीसेक शाळांची पोरं डबे उघडून बसलेली. त्यातली निम्मी घास हातात धरून माझ्याकडं बघायला लागली. बघू देत. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या बाईचा आवाज मोठाच असतो, आणि राग तर माझ्या नाकावरच बसलेला. शाळेत पोरं माझ्या पाठीमागं मला ‘लवंगी’ म्हणायची, तेही मला ठाऊक होतं.

नाझियानं मान वर केली नाही. तिच्या मांडीवर ठमी होती. ठमी म्हणजे आमचा रोबो, पोरांनीच ठेवलेलं नाव. जुन्या पाटीच्या प्लॅस्टिकचा तळ, खेळण्यातली चाकं, पोटाखाली पाच बारके डोळे. टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या फ्लेक्सवर आखलेली काळी पट्टी त्या डोळ्यांनी बघत बघत, पाठीवर लाकडी ठोकळे घेऊन शेवटच्या चौकोनापर्यंत जायचं, एवढंच ठमीचं काम. सकाळच्या फेरीत तेवढंही तिनं धड केलं नव्हतं. तिसऱ्या वळणावर खिडकीतून उन्हाचा पट्टा पडला होता. तिथं पोचली की तिचे डोळे दिपायचे, पट्टी दिसायची बंद व्हायची आणि बाईसाहेब जागच्या जागी उभ्या. वर लाल दिवा लावून! दोनदा थांबली, दोनदा हातानं सरळ करावी लागली, दोन्ही वेळा गुण गेले. आम्ही चौथे.

आणि हे थांबणं बिघाड नव्हता. नाझियानं ते मुद्दाम घातलं होतं. पट्टी दिसेनाशी झाली की वीतभर पुढं जाऊन शोधायची, तरी नाही सापडली तर थांबायचं आणि दिवा लावायचा.

“मॅडम, अर्धा तास द्या,” ती म्हणाली. “पोटाखाली काळ्या पुठ्ठ्याचा पडदा करते. ऊन आत जाणारच नाही. मग नाही थांबणार ती.”

“अर्धा तास? सव्वादोनला आपला नंबर आहे! आणि पडदा घासला, अडकला, म्हणजे? थांबायच्या ओळी काढून टाक. ऊन आलं तर येऊ दे, तशीच पुढं जाईल. पुढं पट्टी आहेच की.”

“पण तिला दिसतच नसंल तर?”

“तर काय?”

“दिसत नसताना कशी पळवायची, मॅडम? म्हणून तर थांबायलीय ती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नववीतली पोरगी मला शिकवायला लागली होती.

तुम्ही म्हणाल, एका खेळण्यातल्या गाडीपायी बाई एवढी का पेटली? त्या गाडीवर माझी खोली अडकली होती. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर मोडक्या बाकांची एक खोली होती. दोन वर्षं मी संस्थेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा ती मला मिळाली. मी आणि पोरांनी मिळून बाक उतरवले, उंदरांची बिळं बुजवली, भिंतीला चुना दिला. कोणी जुना कॉम्प्युटर दिला, कोणी सोल्डरिंगची गन. आमच्या मागांच्या गावात, ज्या घरांत पोरांना अभ्यासाला कोपरा नसतो, तिथली अकरा पोरं शाळा सुटल्यावर त्या खोलीत येऊन बसायची आणि हाकलल्याशिवाय उठायची नाहीत. मग जानेवारीत संस्थेचे सेक्रेटरी शेटे साहेब मला म्हणाले, “मॅडम, कॉम्प्युटर क्लासवाला ती खोली भाड्यानं मागतोय. तुमचं यंत्र जिल्ह्यात पहिलं आलं तर खोली तुमची. नाहीतर जूनपासून त्याची.” शब्द पाळणारा माणूस होता, वाईट शब्द तर नक्कीच पाळायचा. आणि आता तो सभागृहात पहिल्या रांगेत येऊन बसला होता, पिशवीत शाल घेऊन. पेपरात फोटो यायचा तर शाल हवीच.

टीममध्ये तिघं. धनश्री कोठावळे ठोकळे चढवायची आणि गाडी पट्टीवर ठेवायची. सुमेध कांबळेच्या ताब्यात स्क्रू, तारा, बॅटऱ्या. आणि डोकं सगळं नाझिया मोमीनचं. प्रोग्रॅमची एक एक ओळ तिनं लिहिलेली. तिचे वडील याकूबभाई माझ्याच दादाच्या शेडमध्ये माग चालवायचे. स्पर्धेच्या दोन वर्षं आधी मागावरचा टोकदार लाकडी धोटा उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात बसला, डोळा गेला. तेव्हापासून ते तिथंच कोपऱ्यात बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचे. शेड म्हटली की असं होतं कधीकधी, असं आमच्या घरात म्हणत. मीही म्हणायची.

आणि दांडा बांधणं म्हणजे काय तेही सांगते, कारण ते शब्द माझ्या तोंडून त्या पोरीपुढं गेले होते आणि मला त्याचं काहीही वाटलं नव्हतं. मागावर धोटा दोऱ्यांमधून इकडून तिकडं पळत असतो. तो मध्येच अडकला तर बाहेर उडायच्या आत माग आपोआप थांबावा म्हणून एक दांडा असतो. माग जुना झाला की हा दांडा उगीचच, जरा खुट्ट झालं तरी माग थांबवतो. माग थांबला की कापड थांबलं. मग काय करायचं? चिंधी घ्यायची आणि दांडा वर बांधून टाकायचा. आमच्या शेडमधल्या बाराच्या बारा मागांचे दांडे बांधलेले असायचे. लहानपणापासून मी बघत आले होते. कुठलीही नडणारी गोष्ट बाजूला सारायची असली की आमच्या घरात सहज म्हणायचे, बांध की दांडा तिचा.

 नाझियानं हातातला स्क्रूड्रायव्हर डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

“मी नाही काढणार, मॅडम,” ती म्हणाली.

“काय म्हणालीस?”

“थांबायचं मी नाही काढणार.”

“आण इकडं.” मी तिच्या पुढ्यातला लॅपटॉप ओढला. धनश्री म्हणाली, “मॅडम, तुम्ही हात लावायचा नाही असं नियमात आहे.” मी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं भाकरीत तोंड घातलं. सुमेध तर आधीपासूनच चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता.

नियम मला पाठ होता. प्रशिक्षकानं गाडीला नाही, प्रोग्रॅमला नाही, कशालाच हात लावायचा नाही. खुशाल असू दे. त्या पुण्याहून यंत्रं मागवणाऱ्या शाळांचे प्रशिक्षक काय करत होते, ते मी सकाळपासून बघत होते. एकाच्या पोराला तर आपल्या गाडीला मोटर किती आहेत तेही सांगता येत नव्हतं. आणि नियम पाळायचा कुणी, तर आम्ही? सात ओळी होत्या. मी त्या पुसल्या आणि प्रोग्रॅम ठमीत भरला.

मग एक कागद आला. दोन फेऱ्यांमध्ये काही बदल केला असेल तर नोंद करायची आणि बदल करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव घालायचं. मी लिहिलं, ‘थांबण्याची सूचना काढली. बदल करणारी विद्यार्थिनी: नाझिया याकूब मोमीन.’ अक्षर माझं मोत्यासारखं आहे. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला, पत्रिका लिहायची असली, की माणसं माझ्याकडं येतात.

दुसऱ्या फेरीत ठमी सुटली ती अशी सुटली, की सभागृह उठून उभं राहिलं. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावरच्या उन्हात शिरली आणि पट्टी सोडून सरळ टेबलाच्या कडेकडं निघाली. तिथं परीक्षक इनामदार मॅडम वहीत काहीतरी लिहीत टेकून उभ्या होत्या. त्यांनी हात झटकन मागं घेतला, वही खाली पडली.  कडेपासून चार बोटांवर ठमीच्या एका डोळ्याला पुढच्या वळणाची पट्टी लागली आणि ती गर्रकन वळली. निव्वळ नशीब. शेवटच्या चौकोनात ठोकळ्यांसकट पोचली तेव्हा घड्याळात एक मिनिट चार सेकंद झाले होते. सगळ्यांत कमी!

शेटे साहेबांनी पिशवीतनं शाल काढून मांडीवर घेतली. धनश्री उड्या मारायला लागली, सुमेधनं पहिल्यांदाच दात दाखवले. मी नाझियाकडं बघितलं. ती पडलेली वही उचलून इनामदार मॅडमना देत होती.

मग प्रश्नांची वेळ आली. प्रत्येक टीमला परीक्षक दोन-चार प्रश्न विचारायचे. इनामदार मॅडम साठीच्या होत्या, बारीक आवाजाच्या, पण डोळे अगदी सुईसारखे.

“सकाळी ही गाडी थांबून दिवा लावायची,” त्या म्हणाल्या. “खरं सांगू का, गुण गेले तुमचे, पण मला फार आवडलं होतं ते. आज आलेल्या चाळीस गाड्यांत तेवढ्या एकाच गाडीला आपल्याला दिसत नाही हे कळत होतं. का काढलंत?”

धनश्रीनं सुमेधकडं बघितलं. इनामदार मॅडमनी नोंदीचा कागद वर धरला.

“नाझिया मोमीन कोण? नोंदीत तुझं नाव आहे. तू का काढलंस, बाळ?”

मी मागून डोळ्यांनी खुणावत होते. एक वाक्य बोलायचं होतं तिनं. वेळ वाचवायला काढलं, बस. एवढं बोलली असती तर खोली आमची होती.

“मी नाही काढलं,” नाझिया म्हणाली.

“मग कुणी काढलं?”

नाझियानं ठमीच्या पाठीवरचा ठोकळा सरळ केला. इनामदार मॅडमनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “ते मला नाही सांगायचं.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. परीक्षकांनी डोकी एकत्र केली आणि मला बोलावलं. इनामदार मॅडम मला म्हणाल्या, “मगदूम मॅडम, नोंद एक सांगते आणि मुलगी एक सांगते. मला अर्ध्या तासात तुमच्या सहीनं लेखी पाहिजे. मुलीनंच घाईत बदल केला असेल आणि आता घाबरून नाकारत असेल, तर तसं लिहा. मग खोटं बोलली म्हणून तिला स्पर्धेतून काढावं लागेल, बाकीच्या दोघांचा निकाल राहील. आणि बाहेरच्या कुणी हात लावला असेल, तर टीमच बाद. काय खरं ते लिहा.”

मी नाझियाचा दंड धरून तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.  अकरा वर्षं झाली या गोष्टीला, पण त्या व्हरांड्यात मी जे बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगते.

“काय गरज होती तुला?” मी म्हणाले. “सांग ना! हरिश्चंद्राची अवलाद आहेस का तू?”

“मी खोटं नाही बोलले, मॅडम.”

“बोल म्हटलं होतं का कुणी? गप्प बसायचं!”

“गप्पच बसले की. कुणी काढलं ते नाही सांगितलं.”

“उपकार केलेस! खोली गेली आता. अकरा पोरांची खोली तू एकटीनं घालवलीस. आणि उपकारांचंच म्हणशील तर माझ्या दादानं तुझ्या बापाला डोळा गेल्यावरसुद्धा कामावर ठेवलंय. दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. त्याची तरी जाण ठेवायचीस!”

तिच्या हातात ठमी होती. ती ठमीचं एक चाक अंगठ्यानं फिरवत राहिली, पुढं, मागं, पुढं. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकी मी तेव्हा पेटलेली होते.

“जाऊ मी?” तिनं विचारलं.

“जा. तोंड दाखवू नकोस मला.”

ती गेली आणि शेटे साहेब आले. शाल खांद्यावर, चेहऱ्यावर काळजी. “मॅडम, विचार कसला करताय? पोरीनं केलं म्हणून लिहून टाका आणि मोकळ्या व्हा. एक पोरगी गेली तर काय बिघडतंय? पुण्याला राज्याच्या स्पर्धेला दोघं घेऊन जावा. खोली तुमची, मी शब्द देतो. जूनमध्ये नवीन टेबलं पण करून देतो.” त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून माझ्या हातात दिलं. तिथंच एका बाकावर कागद ठेवला, सरळ केला, कोपरा स्वतः दाबून धरला.

मी लिहायला बसले. मला काही जड गेलं नाही, हे मुद्दाम सांगते. राग इतका होता की लिहिताना हातात जोर आला होता. माननीय परीक्षक मंडळ, स. न. वि. वि. आणि मग खाली, ‘सदर बदल विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे घडला असून...’

‘असून’ला मी थांबले.

शब्द अडला म्हणून थांबले नव्हते. पुढचे शब्द हातात तयारच होते, आणि तीच भीती वाटली. एवढं सरळ, एवढं घोटून आल्यासारखं वाक्य माझ्या हातून पहिल्यांदा उतरत नव्हतं.

त्याच्या दोन वर्षं आधी, याकूबभाईंना दवाखान्यात नेलं त्या दुपारी दादानं मला शेडवर बोलावलं होतं. कारखान्यांच्या तपासणीचे सरकारी साहेब येणार होते. मी पोचले तेव्हा दादा बाराही मागांवरच्या चिंध्या सोडवत होता. आईच्या जुन्या निळ्या लुगड्याच्या चिंध्या. एक एक सोडायचा आणि माझ्या हातातल्या पिशवीत टाकायचा. मी पिशवी धरून त्याच्या मागनं मागनं फिरले. याकूबभाईंच्या मागावरची चिंधी सगळ्यात घट्ट बसली होती, ती दातानं सोडवावी लागली. मग दादा म्हणाला, “तू लिही. तुझी मराठी चांगली आहे.” आणि मी लिहिलं. ‘सदर अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडला असून मागावरील सर्व सुरक्षा साधने चालू स्थितीत होती.’ खाली याकूबभाईंची सही घेतली, दवाखान्यात, पट्टी बांधलेली असताना. त्यांना मराठी वाचता येत नाही. एक प्रत त्यांना दिली. साहेब गेले आणि आठवड्याभरात चिंध्या परत मागांवर चढल्या.

ती पिशवी मी विसरले होते असं नाही. मी तिचा विचार करत नव्हते, इतकंच. आणि तासाभरापूर्वी मी त्यांच्याच पोरीला, त्याच शब्दांत, दांडा बांध म्हणून ओरडले होते. चाळीस शाळांसमोर.

“अडलंय का काही?” शेटे साहेब म्हणाले.

मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. ‘बदल मी केला. मुलीनं नकार दिला होता, तरी केला. नोंदीत तिचं नाव मी खोटं घातलं. सुलोचना मगदूम, प्रशिक्षक.’

शेटे साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. “बाई, डोकं फिरलंय का तुमचं? एका मोमीनाच्या पोरीसाठी?”

“तुमचं पेन घ्या,” मी म्हणाले.

“खोली जूनची वाट बघणार नाही आता. सोमवारी सामान बाहेर!”

“सोमवारी कशाला? उद्याच काढते. पण शाल तेवढी खांद्यावरनं उतरवा, साहेब. बरं दिसत नाही.”

आम्ही बाद झालो. माईकवरून तसं जाहीरही केलं, कारणासकट. धनश्री हमसून हमसून रडली. सुमेध माझ्याशी पुढं तीन आठवडे बोलला नाही. मी काही चांगलं केलं असं त्या पोरांना मुळीच वाटलं नाही, आणि का वाटावं? त्यांची खोली मीच घालवली होती.

परतीच्या एसटीत मी नाझियाच्या शेजारी जाऊन बसले. ठमी तिच्या मांडीवर होती. हातकणंगले मागं पडेपर्यंत मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. माझ्यासारख्या लवंगीला.

“नाझिया, तुझ्या अब्बांच्या मागाचा दांडा बांधलेला होता. तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तो कागद?”

“कागद पण. घरी आणला त्या दिवशीच वाचला मी. तुमचं अक्षर फळ्यावर रोज बघतो की आम्ही.”

मला खिडकीकडं बघता येईना आणि तिच्याकडंही. “मग अब्बा काय म्हणाले?”

“त्यांना नाही सांगितलं. त्यांनी विचारलं काय लिहिलंय, तर मी म्हटलं, औषधपाण्याचं लिहिलंय. ते तो जपून ठेवतात. म्हणतात, मगदूम मॅडमनी लिहिलाय, म्हणजे चांगलंच लिहिलं असणार.”

एसटी कुठंतरी थांबली, माणसं चढली, कंडक्टर ओरडला. मी विचारलं, “एवढं माहीत असताना तू माझ्या टीममध्ये आलीस तरी कशाला?”

तिला प्रश्नच कळला नसावा असं तिनं माझ्याकडं बघितलं.

“गाडी तुमच्याकडंच होती की, मॅडम,” ती म्हणाली.

स्टँडवर उतरले आणि घरी न जाता सरळ शेडवर गेले. नाझिया माझ्या मागं चालत होती, येऊ नकोस म्हणायचं मला सुचलं नाही. शेडमध्ये संध्याकाळची पाळी चालू होती, बाराही माग धडधडत होते. टेबलावरची कात्री मी उचलली आणि एका टोकापासून सुरू केलं. चालू मागाला असा हात घालायचा नसतो, म्हणून एकेकाला खटका पाडून थांबवायचा, चिंधी कापायची आणि पुढं जायचं. कामगारांना वाटलं दादानंच सांगितलंय. पाचव्या मागापर्यंत दादा ऑफिसातून पळत आला.

“सुले, काय करायलीस? वेड लागलंय का?”

“चिंध्या काढायलेय. मागच्या वेळी तू काढल्यास, मी पिशवी धरली. आज मी काढते, तू धर.”

“खायला कोण घालणार मग? हे माग मिनिटाला थांबतील!”

“थांबू देत!” मी असं ओरडले की खडखडाटातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. “थांबायलाच ठेवलाय तो दांडा! माणसाचा डोळा जायच्या आधी थांबायला!”

दादानं माझा हात धरला, मी कात्री त्याच्यापुढं धरली. सख्ख्या भावापुढं. त्यानं हात सोडला. त्यानंतर आजतागायत तो माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याच्या घराच्या ज्या माडीवर मी राहायची तिथं पुन्हा झोपलेले नाही. बारावी चिंधी कापली तेव्हा शेडमध्ये एकही माग चालू नव्हता. त्या शेडची शांतता मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.

कोपऱ्यात याकूबभाई कांड्यांच्या टोपलीशी बसले होते. आवाज बंद झाला म्हणून त्यांनी मान वळवून, डावा डोळा आमच्याकडं करून बघितलं.

“काय झालं, मॅडम? नंबर आला का पोरांचा?”

“नाही आला. माझ्यामुळं गेला.” मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. “याकूबभाई, मला एक कागद लिहायचाय. तुमच्या डोळ्याबद्दल. तुम्ही सांगा, मी लिहिते. उद्या मी स्वतः जाऊन तपासणीच्या साहेबांकडं देते.”

“आणिक कशाला?” ते म्हणाले. “एक आहे की तुम्ही लिहिलेला.” त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून घडी घालून घालून मऊ पडलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. “जवळच असतो माझ्या. नाझिया म्हणते औषधपाण्याचं लिहिलंय. पण पोरगी वाचताना अडखळत होती. तुम्हीच एकदा वाचून दाखवा, म्हणजे नव्यात काय घालायचं ते सांगतो.”

मी नाझियाकडं बघितलं. ती ठमीला पोटाशी धरून मागांच्या मधल्या वाटेत उभी होती. तिनं मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. सगळे कामगार हात थांबवून उभे होते. दादाही उभा होता.

मी कागद हातात घेतला, पण उघडला नाही. तो मला पाठ होता. मी याकूबभाईंच्या डोळ्याकडं बघत पहिल्या शब्दापासून म्हणायला सुरुवात केली.